बोलका आजार आणि अबोल आजार

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४४. आठ महिने सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं आखडलेली, मूठ वळत नाही, दीड तासाने हात मोकळे होतात. कामाचा ताण, झोप कमी, वय झालं, अशी कारणं शोधत दिवस गेले. मग डॉक्टरांनी रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, असं नाव सांगितलं आणि आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू केली. दुसरीकडे ४९ वर्षांच्या यजमानांना रक्तदाबाची गोळी लागली होती. तीन महिन्यांत आकडा नॉर्मल आला म्हणून त्यांनी ती बंद केली, आणि आता विचारलं की ‘मला कुठे काय होतंय?’ असं म्हणतात. तुम्ही विचारता की हे आधी ओळखता आलं असतं का, आता जन्मभर यातच अडकून राहायचं का, आणि नोकरी सोडावी का.

दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं, असं आपण म्हणतो. साथीच्या तापाला, मोडलेल्या हाडाला ते लागू पडतं. जुनाट आजार येतो तोच मुंगीच्या पावलाने, आणि जायचं नाव काढत नाही. त्यामुळे त्याला ओळखण्याची आणि सांभाळण्याची रीत वेगळी आहे. मी २८ वर्षं फिजिशियन म्हणून काम करतो आहे आणि गेली ११ वर्षं स्वतः मधुमेही आहे. या दोन्ही खुर्च्यांवर बसून जी एक गोष्ट पक्की कळली ती आधी सांगतो.

दीर्घकाळ चालणारे आजार दोन स्वभावांचे असतात. काही बोलके: आमवात, दमा, अर्धशिशी, एन्डोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार), आतड्यांचे विकार. ते रोज बोलतात, कधी ओरडतात. त्यांच्या बाबतीत रिपोर्ट मात्र पुष्कळदा गप्प बसतात. अर्धशिशी दाखवणारी रक्ताची तपासणीच नाही. काही आजार अबोल: उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचा जुनाट विकार, काचबिंदू. तिथे शरीर वर्षानुवर्षं चकार शब्द काढत नाही, आकडे तेवढे बोलतात. अबोल आजारात आकड्यावर विश्वास ठेवायचा आणि बोलक्या आजारात शरीरावर. माणसं नेमकं उलट करतात. रक्तदाब १६५ आला तरी ‘मला काही होत नाही’ म्हणून मोकळी होतात, आणि बोटं सुजलेली असताना एखादा रिपोर्ट नॉर्मल आला की स्वतःच्याच दुखण्यावर अविश्वास दाखवतात. तुमच्या घरात एकाच वेळी दोन्ही चुका झाल्या आहेत.

मी पहिली चूक केली. रोज पेशंटना साखर तपासायला सांगत होतो, स्वतःची तीन वर्षं तपासली नव्हती. तहान लागायची ती बोलून बोलून घसा सुकतो म्हणून, रात्री दोनदा उठावं लागायचं ते झोप हलकी म्हणून. मला कारणं हवी होती आणि मनाने ती पुरवली. एचबीए१सी ८.१ आलं. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, कारण साखर रक्तातल्या लाल पेशींना चिकटते आणि त्या पेशींचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं. ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह. तपासणीच्या आदल्या आठवड्यात गोड बंद करून त्या आकड्याला फसवता येत नाही, हे मी इतरांना हसत हसत सांगत असे.

आता ओळखण्याबद्दल. तुम्हाला वाटतंय की आपण काही भयंकर हलगर्जी केली. तसं नाही, पण लय ओळखायची राहून गेली. एखादा त्रास तीन महिन्यांहून जास्त टिकला, किंवा जाऊन पुन्हा पुन्हा येऊ लागला, की ‘कशाने झालं असेल’ या प्रश्नापेक्षा ‘केव्हा होतं, किती वेळ टिकतं, कशाने सुटतं’ हे प्रश्न जास्त कामाचे ठरतात. सांध्यांचंच बघा. झिजेच्या संधिवातात सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो आणि दिवसभर वापर झाला की दुखणं वाढतं. आमवातात उलटं: विश्रांतीनंतर आखडणं जास्त, हालचाल सुरू झाली की हळूहळू सुटणं, आणि ते सुटायला अर्ध्या तासाहून जास्त, पुष्कळदा तासभर लागणं. त्यात बोटांचे मधले आणि तळाशी असलेले सांधे, मनगटं, पायाच्या बोटांचे तळ, तेही दोन्ही बाजूंना. कुणी हात हातात घेऊन दाबला की बोटांच्या तळाशी कळ येते. तुमच्या पत्रातलं ‘दीड तासाने हात मोकळे होतात’ हे एक वाक्य माझ्यासाठी चार रिपोर्टांच्या तोडीचं होतं. दम्यातही असंच. दिवसा तपासलं तर छाती स्वच्छ, आणि पहाटे खोकल्याने झोपमोड.

तुम्ही लिहिलं आहे की सुरुवातीला रुमॅटॉइड फॅक्टर ही आमवातासाठीची रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून तुम्ही निर्धास्त झालात. हा घोळ फार जणांचा होतो. आमवात असलेल्यांपैकी साधारण ७० ते ८० टक्क्यांमध्ये ही तपासणी पॉझिटिव्ह येते. म्हणजे उरलेल्यांना आजार आहे आणि कागद नाही म्हणतो. उलट काही निरोगी माणसांत, विशेषतः उतारवयात, ती पॉझिटिव्ह येते आणि पुढे काहीच होत नाही. बोलक्या आजारात रिपोर्ट साक्षीदार असतो, न्यायाधीश नसतो.

अंगावर काढणं हा शब्दप्रयोग आपल्याकडे जवळजवळ कौतुकाने वापरतात. ‘तिने कधी कुरकुर केली नाही, सगळं अंगावर काढलं.’ आमवातात पहिले काही महिने मोलाचे असतात, कारण सांध्याच्या आतलं अस्तर सुजून हाडाला कुरतडायला लागतं आणि कुरतडलेलं हाड परत भरून येत नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत आजाराचा मार्ग बदलणारं औषध सुरू व्हावं, हे आज धोरण आहे. तुमचे आठ महिने झाले. उशीर झाला, पण गाडी चुकलेली नाही. एक्स-रेमध्ये अजून झीज नाही असं तुम्हीच लिहिलं आहे, ती मोठी जमेची बाजू.

काही लक्षणांना मात्र तीन महिने द्यायचे नसतात. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरणं, शौचातून किंवा खोकल्यातून रक्त, रात्री कपडे भिजवणारा घाम, नवी गाठ: यांच्यासाठी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. तापासोबत एकच सांधा लाल, गरम आणि टचटचीत सुजला तर त्याच दिवशी. छातीत दडपण, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यात तर सकाळपर्यंतही थांबायचं नाही.

औषधांकडे वळतो, कारण तुमच्या प्रश्नातली भीती तिथे आहे. ‘कॅन्सरचं औषध’ म्हणून तुम्हाला गोळीची धास्ती बसली आहे. मेथोट्रेक्सेट कॅन्सरसाठी वापरलं जातं हे खरं, पण तिथले डोस आणि आमवातातले डोस यांत प्रचंड अंतर आहे. आमवातात ते आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम इतकं असतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९८८ मध्ये या आजारासाठी त्याला मान्यता दिली आणि आज बहुतेक ठिकाणी उपचाराची सुरुवात त्यानेच होते. धोका दुसरीकडे आहे, आणि तो मी ठळक अक्षरांत लिहिला असता: ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली गेली तर अस्थिमज्जा बंद पडून जीव जाऊ शकतो. एक वार ठरवा, तो गोळ्यांच्या पाकिटावर शब्दांत लिहा, घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. फॉलिक अॅसिडची गोळी वेगळ्या वारी देतात, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठरल्या दिवशी करा. या औषधावर असताना गरोदरपण टाळावंच लागतं. ताप आला, किंवा कोरडा खोकला येऊन धाप लागू लागली, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोला.

आणि धीर धरा. परिणाम दिसायला ६ ते १२ आठवडे लागतात. या मधल्या काळातच बहुतेक जण औषध सोडतात, कारण वेदनाशामक गोळी तासाभरात काम करते आणि ही महिना झाला तरी काहीच करत नाही असं वाटतं. वेदनाशामक आवाज बंद करते, आजार आपलं काम चालू ठेवतो. शिवाय रोजच्या वेदनाशामकांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. तुमच्या पाकिटातल्या गोळ्या यजमान डोकं दुखलं की घेतात असं तुम्ही सहज लिहून गेलात. ते थांबवा.

स्टेरॉइडबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेन्च यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. अंथरुणात कूस बदलणं कठीण झालेली ती बाई काही दिवसांत चालू लागली. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हेन्च यांना केंडल आणि राइखस्टाइन या संशोधकांसह नोबेल पारितोषिक मिळालं. मग हळूहळू बिल आलं: सुजलेले चेहरे, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर, आणि औषध थांबवताच उसळून आलेला आजार. म्हणून आज स्टेरॉइड कमीत कमी डोसात, थोड्या काळासाठी, मुख्य औषधाचा परिणाम सुरू होईपर्यंतचा पूल म्हणून देतात. तुम्हाला दिलं असेल तर आपल्या मनाने वाढवू नका आणि काही आठवडे घेतल्यावर एकदम बंदही करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे तशाच प्रकारचं नैसर्गिक संप्रेरक, तयार करणं कमी करतं, ते पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो.

आता यजमान. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण बहुधा रक्तदाबाच्या पेशंटनेच काढली असावी. त्यांचा आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे. चष्मा लावल्यावर स्पष्ट दिसू लागलं म्हणून कुणी चष्मा टाकून देत नाही. डोकेदुखी, चक्कर यांवरून दाब कळतो ही समजूतही चुकीची आहे. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, आणि ज्यांचं डोकं दुखतं त्यांचा दाब पुष्कळदा ठीक असतो.

हा आजार किती काळ गंभीर मानलाच गेला नव्हता, ते ऐकवा त्यांना. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ नोंदला गेला. वय वाढलं की एवढा दाब लागतोच असं मानणारे डॉक्टर त्या काळी कमी नव्हते, आणि उतरवायला चांगली औषधंही नव्हती. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले तेव्हा दाब ३०० च्या वर होता. त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ मध्येच, फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतल्या गावातल्या हजारो धडधाकट माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहण्याचा अभ्यास सुरू झाला आणि त्यातून कळलं की या अबोल आकड्यांवरून पुढचा हृदयविकार आणि पक्षाघात आधी वर्तवता येतो. हेन्च यांची इंजेक्शनंही त्याच वर्षीची. बोलक्या आजाराला आवाज बंद करणारं औषध आणि अबोल आजाराला वाचा, दोन्ही एका वर्षात मिळाली, हा योगायोग मला फार आवडतो.

भांडण करण्यापेक्षा त्यांना मोजायला लावा. दंडावर बांधायचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. गप्प महत्त्वाचं, बोलताना दाब वाढतो. दंड हृदयाच्या पातळीला. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी ती १३५/८५ किंवा वर असेल तर तो दाब जास्तच आहे. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० धरतात. स्वतःच्या अक्षरातले आकडे माणसाला बायकोच्या किंवा डॉक्टरच्या उपदेशापेक्षा लवकर पटतात. गोळी ‘लागेल’ ही भीती असेल तर सांगा की तिचं व्यसन लागत नाही. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं तर डोस कमी करता येतो, कधी गोळी बंदही होते, पण ते डॉक्टरांनी आकडे बघत करायचं असतं. काही गोळ्या एकदम सोडल्या तर दाब उसळतो.

अबोल आजारात आज घेतलेल्या कष्टाचं फळ आज दिसत नाही, ही खरी अडचण. मधुमेहातला एक अभ्यास मी स्वतःला वारंवार आठवून देतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीसीसीटी या अभ्यासात टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ जणांना दोन गटांत वाटलं होतं. काटेकोर साखर सांभाळणाऱ्यांमध्ये डोळ्यांचा पडदा बिघडण्याची सुरुवात होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पुढचं जास्त रोचक आहे. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी ज्यांनी आधीची वर्षं नीट सांभाळली होती त्यांना फायदा पुढे कित्येक वर्षं मिळत राहिला. शरीर जुन्या जमेची नोंद ठेवतं. बिनलक्षणाच्या कंटाळवाण्या दिवशी मी औषध घेतो ते याच हिशेबाने.

आणि हो, तुमच्या बोलक्या आजाराचाही एक अबोल कोपरा आहे. आमवातात हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, कारण दीर्घकाळची सूज रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही. तेव्हा दाब मोजायचं यंत्र एकट्या यजमानांसाठी नाही. कोलेस्टेरॉल तपासा. घरात कुणी धूम्रपान करत असेल तर ते थांबायला हवं, त्याने आमवात बळावतो आणि औषधांचा गुणही कमी येतो. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींबद्दल विचारा. जिवंत विषाणूंच्या लशी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

‘यातच अडकायचं का’ हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. १९८८ मध्ये कॉर्बिन आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी अशा आजारांसोबत जगणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास मांडला. त्यांचं म्हणणं असं की माणसाला तीन कामं करावी लागतात: औषधोपचाराचं, रोजच्या जबाबदाऱ्या नव्याने बसवण्याचं, आणि आपण आता कोण आहोत हे पुन्हा ठरवण्याचं. आम्ही डॉक्टर पहिल्या कामात मदत करतो आणि बाकीची दोन पेशंटच्या गळ्यात घालून पुढच्याला आत बोलावतो. मीही ते करत आलो आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग या संशोधिकेने याच धाग्यावर सहा आठवड्यांचा, आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आखला. त्यात आठवडाभरात करण्याजोगं एक छोटं काम स्वतः ठरवायचं असतं आणि ते जमेल याची खात्री दहापैकी किती, असं स्वतःला विचारायचं. सातच्या खाली उत्तर आलं तर काम छोटं करायचं. ‘रोज व्यायाम करीन’ला मी तीन देईन. ‘सोमवार-बुधवार-शुक्रवारी जेवणाआधी दहा मिनिटं चालेन’ला आठ. ही युक्ती मी पेशंटपेक्षा स्वतःवर जास्त वापरली आहे.

तुमच्या आजारात सगळ्यात घातक असतो तो चांगला दिवस. सकाळी हात हलके वाटले की माणूस साठलेली सगळी कामं उरकायला घेतो. कपाट आवरतो, पडदे काढतो, राहिलेली पत्रं लिहितो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरूण. मग ‘काही केलं की त्रासच होतो’ हा निष्कर्ष, मग हालचाल बंद, मग स्नायू ढिले, आणि सांध्यांवर आणखी भार. यावर उपाय असा की वाईट दिवशीही जमेल एवढं काम आधी शोधायचं आणि चांगल्या दिवशी त्याच्या फार पुढे जायचं नाही. दुखायला लागल्यावर थांबायचं असं न करता घड्याळ बघून थांबायचं. भांडं उचलताना बोटांऐवजी तळहात आणि कोपर वापरायचं, झाकण उघडायला साधन घ्यायचं, लिहायला जाड पेन. हे हार मानणं नाही. थकवा हाही आजाराचाच भाग आहे, आळस नाही, हे घरच्यांना एकदा बसवून सांगा. पूर्वी आमवातात आठवडेच्या आठवडे पलंगावर विश्रांती देत. आता सांधा फार सुजलेला असेल तेवढे दिवस सोडले तर हालचाल हवीच, आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत हळूहळू पोचायचं आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम.

मनाचं. निदान झाल्यावर राग येतो, रडू येतं, ‘मीच का’ वाटतं. काहीतरी गमावलेलं असतं, तेव्हा तो शोक आहे, आणि शोकाला वेळ लागतो. पण दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटत असेल, किंवा आवडीच्या कशातच मन रमत नसेल, तर ते आजाराचं साहजिक ओझं म्हणून सोडून देऊ नका. त्याला वेगळा उपचार आहे आणि तो केल्यावर सांध्यांचं दुखणंही सुसह्य होतं. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. घरचे लोक बहुधा दोन टोकांना जातात. ‘दिसतेस तर ठणठणीत’ असं एक म्हणतो आणि दुसरा पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही. पहिल्याला पहाटे सहाला उठून तुमचे हात बघायला सांगा. दुसऱ्याला नेमकं काम सांगा: हे तू कर, हे मी करीन, आणि मी मागितल्याशिवाय हात पुढे करू नकोस.

डॉक्टरांकडची दहा मिनिटं कशी वापरायची, हेही शिकावं लागतं. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी दाखवलं की डॉक्टर पेशंटचं पहिलं सांगणं सरासरी १८ सेकंदांत तोडतात. आमच्या जातीचा हा दोष चाळीस वर्षांत फार सुधारला असेल असं मला वाटत नाही. म्हणून पहिलंच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं ठेवा. मनातली खरी भीती दाराची मूठ हातात धरून सांगणारे पेशंट मी रोज बघतो. अर्धं पान पुरे: सकाळी आखडणं किती मिनिटं, किती सांधे सुजलेले, काय करता येत नाही, कोणत्या गोळ्या चुकल्या. चुकलेल्या गोळ्या लपवू नका, नाहीतर आम्ही उगाच डोस वाढवतो. दुसरीकडून घेतलेली सगळी औषधं, पूड, काढा, जीवनसत्त्वं पिशवीत घालून न्या.

मुळापासून बरं करण्याची खात्री देणारे लोक आता तुम्हाला भेटतील, घराच्या दारापर्यंत येतील. त्यांच्या म्हणण्यात गुण का दिसतो ते समजून घ्या. बोलका आजार लाटेसारखा चढतो-उतरतो. माणूस नवा उपाय धरतो तो लाट सगळ्यात उंच असताना, आणि त्यानंतर ती आपोआप उतरते. श्रेय जातं उपायाला. तुमच्या आजारात सूज शांत होऊन वर्षानुवर्षं शांत राहू शकते, आम्ही त्याला रेमिशन म्हणतो, आणि तेच तुमच्या डॉक्टरांचं ध्येय आहे. काही जणांचा डोस त्यानंतर कमी होतो. तो आजार गेला असं मात्र कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

राहिली नोकरी. औषधाचा गुण यायच्या आत असा निर्णय घेऊ नका. आजची सकाळ हीच यापुढची प्रत्येक सकाळ, असं गृहीत धरून तुम्ही विचार करता आहात, आणि ते बहुधा खोटं ठरेल. ऑफिसात सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. ज्याच्या हातात वेळ बदलणं आहे अशा एकाला सांगा आणि नेमकं मागा: तासभर उशिरा सुरुवात, टायपिंगच्या मध्ये पाच मिनिटांची मोकळीक, तपासणीच्या दिवशी अर्धी रजा. राजीनामा लिहायचाच असेल तर लिहून खणात ठेवा, सहा महिने बाहेर काढू नका. तोवर रोज सकाळी मूठ किती मिनिटांनी पूर्ण वळते तेवढं कॅलेंडरवर टिपत जा. आज तो आकडा नव्वद आहे. वीसच्या आसपास आला की नोकरीबद्दल मला पुन्हा विचारा.